चांद्याला आलेले गोऱ्हे शास्त्री आणि माफीचा हिशोब

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

बाहेर ऊन असं आहे की मोबाईल हातात धरवत नाही. पंख्याचा आवाज आला तर समजून घ्या, पंखा बंद करून चंद्रपुरात रेकॉर्डिंग करणं हे माझ्याच्याने होणार नाही.

मागच्या भागात आपण बाबूराव शेडमाकेंबद्दल बोललो. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला त्यांना फाशी दिली, तिथे आपण थांबलो होतो. आज त्याच चांद्यात, साधारण बारा वर्षांनी आलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. हा माणूस बंडखोर नाही, राजा नाही, इंग्रज साहेबही नाही. काशीत वाढलेला कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचा जबरदस्त पंडित, आणि ख्रिस्ती पाद्री. नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे. बाप्तिस्म्यानंतरचं नाव नेहेम्या.

मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगतो. धर्म कोणता खरा, हा आजचा विषय नाही. मला या माणसाची एकच गोष्ट सोडत नाहीये. आयुष्यभर ते लोकांना सांगत फिरले की देव पापांची क्षमा करतो. आणि ती क्षमा आपल्याला मिळाली की नाही, याबद्दल त्यांचं स्वतःचं मन कधी पुरतं निवांत झालं नाही.

सुरुवातीपासून घेऊ. ८ फेब्रुवारी १८२५ ला झाशीकडच्या एका गावात जन्म. घराणं मूळचं आपल्या कोकणातलं, पण उत्तरेत स्थिरावलेलं. पोरगा काशीत वाढला, शास्त्रं शिकला. घर शैव, हा मात्र पुढे विष्णूकडे वळला. म्हणजे मन आधीपासूनच स्वस्थ बसणारं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

त्या काळी काशीच्या रस्त्यांवर मिशनरी उभे राहून बोलायचे. विल्यम स्मिथ नावाचे एक होते. नीळकंठ त्यांच्याकडे गेला तो वाद घालायला, त्यांना गप्प करायला. वय एकोणीस-वीस. जॉन मुर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मत कसं वरचढ आहे ते मांडलं होतं. त्याला या पोराने संस्कृतातच उत्तर लिहिलं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. एकोणीस-विसाव्या वर्षी आपण काय करत होतो, ते विचारू नका. (हसतो)

स्मिथनी त्याला वाचायला जे दिलं त्यात डोंगरावरचं प्रवचन होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाच, सहा आणि सात हे तीन अध्याय. वाद घालायला आलेला माणूस तिथे अडकला. आता ही गंमत बघा. जवळजवळ पन्नास वर्षांनी आपले कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. राजनांदगाव म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पलीकडचंच. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तेही याच तीन अध्यायांवर अडकले. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. गोऱ्हे वारले तेही १८९५ मध्येच. दोन मराठी ब्राह्मण, दोघांचं दार एकच.

काय आहे त्या तीन अध्यायांत? खूप काही. पण एक जागा मला सांगायचीच आहे. येशू तिथे म्हणतो त्याचा मतलब असा की, तू देवाला अर्पण वाहायला वेदीपाशी आलायस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सल आहे, तर ते अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. देवाला थांबवून ठेव आणि भावाकडे जा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला होता. का, ते पुढे सांगतो.

१४ मार्च १८४८ ला, काशीत नाही तर जौनपूरला जाऊन, नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनाविरुद्ध झालेली गोष्ट नव्हती, पण सुखाची होती असंही नाही. घर, जात, पाठशाळा, सगळंच मागे पडलं. पत्नी लक्ष्मीबाई यांचाही पुढे बाप्तिस्मा झाला. सप्टेंबर १८५३ मध्ये मुलगी झाली, एलन लक्ष्मी, आणि त्यानंतर लवकरच लक्ष्मीबाई वारल्या. तान्ही पोर एका निळीच्या मळेवाल्याच्या घरी वाढायला गेली, नंतर स्टॉर्स नावाच्या मिशनरी कुटुंबात, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास थेट इंग्लंडला.

आणि बाप? पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग १८५४ मध्ये विलायतेला निघाले, त्यांच्यासोबत पंडित म्हणून गोऱ्हे गेले. मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. मी यावर निवाडा देत नाही. त्या काळी एकट्या पुरुषाने तान्हं मूल सांभाळायचं म्हणजे काय, आपल्याला कळायचं नाही. पण पुढे हा माणूस स्वतःच्या दोषांची एवढी मोजदाद करायचा, त्या यादीत ही पोर नसेल असं मला वाटत नाही. हा माझा अंदाज.

विलायतेत ऑक्सफर्डला त्यांना मॅक्स म्युलर भेटले. होय, तेच ऋग्वेदवाले. म्युलरनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यात हे गृहस्थ अगदी खचलेले दिसतात. लंडनमध्ये मी जे पाहिलं तेच ख्रिस्तीपण असेल, तर मला माघारी जाऊ द्या, अशा अर्थाचं ते म्हणाले होते. ज्यासाठी घर सोडलं, ते इथे कुठेच दिसत नाही! तरी माघारी धर्मात गेले नाहीत, देशात मात्र आले. १८६० मध्ये हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिलं, सहा दर्शनांची चिकित्सा. दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी झालं. कलकत्त्याला १८६८ मध्ये डीकन म्हणजे पाद्र्याच्या खालची पायरी, आणि १८७० मध्ये पूर्ण पाद्री म्हणून दीक्षा.

आणि मग चांदा.

तेव्हाचं चांदा डोळ्यासमोर आणा. कोळशाची धूळ नाही, पॉवर स्टेशन नाही, जटपुरा गेटात अडकलेली ट्रॅफिक नाही. गोंडराजांचा परकोट आहे, आत निम्मी जागा मोकळी, शेतं आणि झाडं. झरपट आणि इरई या दोन नद्या. महाकालीची यात्रा तेव्हाही भरायची. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये आली होती, पण इकडे काही नाही, बैलगाडी आणि जंगल. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, हिंदी सगळं एकदम कानावर पडायचं. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून शंभरावर वर्षं होती, तो सगळा मुलूख चांद्यातच. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने या मुलखात मिशनचं काम हाती घेतलं, आणि सुरुवातीच्या काळात ते सांभाळायला आले ते आपले गोऱ्हे. गोरा साहेब नाही, आपल्या भाषेत बोलणारा, साध्यासुध्या कपड्यातला, फाटक्या अंगाचा शास्त्री.

इथे ते फार वर्षं राहिले नाहीत. मोठी गर्दी त्यांच्यामागे गेली, असंही काही नाही. आकडेच पाहायचे तर हा भाग इथेच संपवावा लागेल. मला अडवतो तो प्रश्न वेगळा आहे. चांद्याच्या माणसाला ते क्षमा म्हणजे काय, ते कसं सांगत असतील?

कारण इथे भाषेचा पेच आहे, आणि गोऱ्ह्यांइतका तो कुणाला कळत नसेल. ‘पाप’ हा शब्द आपलाही आहे आणि त्यांच्या बायबलातही. पण आपल्या घरात पाप म्हणजे खात्यावरचा बाकी आकडा. केलं ते भोगायचं, या जन्मी नाही तर पुढच्या. व्रत करा, तीर्थ करा, दान द्या, आकडा कमी होईल. हिशोब चोख आहे, पण त्यात ‘जा, माफ’ म्हणणारं कुणी समोर बसलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, विठ्ठल काय मग? बरोबर आहे. संतांची सगळी भक्ती या हिशोबाच्या बाहेर पडण्याचीच धडपड आहे. चोखोबा आणि तुकोबा देवापुढे खातं उघडत नाहीत, पदर पसरतात. टिळकांना ख्रिस्ताकडे जाताना ही वाट मोकळी मिळाली, ते अभंगाच्या चालीने गेले. गोऱ्हे मात्र संतांचे नव्हते, शास्त्रांचे होते. त्यांना प्रत्येक पायरीवर पुरावा लागायचा.

ख्रिस्ती बाजूचं म्हणणं साध्या भाषेत असं. माणूस आणि देव यांच्यात बिनसलंय, ते माणसाला आपल्या बळावर दुरुस्त करता येत नाही. देवानेच ख्रिस्ताच्या मरणात ते अंगावर घेतलं. ज्याने विश्वास ठेवला त्याला देव ‘नीतिमान ठरवतो’. मराठी बायबलातला शब्दच आहे हा, नीतिमान ठरणं. शब्द कोर्टातला आहे. न्यायाधीश म्हणतो, तू सुटलास. आणि आरोपी कोर्टाबाहेर येतो.

पण बाहेर आलेल्याला आतून सुटल्यासारखं वाटतं का?

हा प्रश्न गोऱ्ह्यांच्या आधी साडेतीनशे वर्षं जर्मनीत एका तरुण मठवाशाने विचारला होता. मार्टिन ल्यूथर. हा माणूस पापांची कबुली द्यायला बसला की तासन्‌तास उठायचा नाही. उठला की दारापर्यंत जाईस्तोवर आणखी एक आठवायचं. त्याचे वरिष्ठ योहान श्टाउपिट्स वैतागायचे. शेवटी पौलाचं रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगलं की हे मिळवायचंच नाहीये, हे दिलं गेलंय. त्यातूनच पुढे सगळं प्रॉटेस्टंट प्रकरण उभं राहिलं.

गोऱ्हे बरोबर उलट्या दिशेने गेले. ज्या मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला ते ल्यूथरच्या वाटेचं, विश्वास ठेव आणि मोकळा हो असं म्हणणारं. यांना मोकळं होता आलं नाही. मग ते अँग्लिकन चर्चमधल्या जुन्या वळणाच्या लोकांकडे ओढले गेले. तिथे पाद्र्यासमोर बसून पाप बोलून दाखवायचं, आणि पाद्र्याने देवाच्या नावाने ‘तुला क्षमा आहे’ असं मोठ्याने म्हणायचं. मला ही ओढ समजते. मनातल्या मनात मिळालेली माफी रात्री दोन वाजता टिकत नाही. कुणाच्या तरी तोंडून ऐकावी लागते.

१८७० च्या दशकात ते पुन्हा विलायतेला गेले आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या संन्यासी मंडळात, सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्टमध्ये, नोव्हिस म्हणून दाखल झाले. नोव्हिस म्हणजे उमेदवारी. काही वर्षं उमेदवारी, मग कायमची शपथ, असा रिवाज. गोऱ्ह्यांनी ती कायमची शपथ शेवटपर्यंत घेतली नाही. मन शंकांनी भरलेलं, नरकाची भीती, आपण लायक नाही ही टोचणी. ज्यांच्या प्रवचनाने दुसरे लोक पाद्री झाले, ते स्वतः म्हातारपणापर्यंत उमेदवारच.

पंडिता रमाबाईंची गोष्ट इथेच सांगायला हवी. पुण्यात गोऱ्ह्यांची आणि त्यांची गाठ पडली होती. रमाबाई इंग्लंडला गेल्या, तिथे २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या निर्णयात गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा वाटा होता, हे त्यांनीच पुढे सांगितलंय. विचार करा, ज्याला स्वतःला खात्री नाही त्याच्या युक्तिवादाने दुसऱ्याला वाट दिसली! पण रमाबाईंचंही तिथे भागलं नाही. बाप्तिस्मा होऊन सात-आठ वर्षं झाली तरी त्यांना वाटत होतं की मला धर्म मिळाला, ख्रिस्त नाही मिळाला. या बाईंचं बालपण आठवा. आई-वडिलांसोबत गावोगाव पुराणं सांगत, उपास करत, तीर्थं करत पायी हिंडलेली मुलगी, आणि सगळं करूनही दुष्काळात आई-वडील डोळ्यांदेखत गेले. हिशोब चुकता करण्याचा सगळा मार्ग चालून झालेला. शारदा सदन चालवत असताना, १८९१ च्या आसपास, त्यांना आतून कळलं की क्षमेसाठी मला आता काहीही करायचं बाकी नाही. त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्याच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना सोबत घेऊन गेल्या. आपलं चांदा तेव्हा मध्य प्रांतातच होतं.

एकीला मिळालं, एकाला नाही. का? मला नाही माहीत. गोऱ्ह्यांनी कमी प्रार्थना केली असेल असं तर अजिबात नाही.

आता ते मोबाईल खाली ठेवल्याचं सांगतो. माझे बाबा गेले तेव्हा शेवटचा आठवडाभर मी पुण्यात होतो. येतो, येतो म्हणत राहिलो. धाकटा भाऊ एकटा होता त्यांच्यापाशी, रात्री जागायला तोच, गोळ्या आणायला तोच. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर मी त्याला म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, “जाऊ दे न दादा आता, झालं ते झालं.” आणि चहा टाकायला उठला. म्हणजे माफी मिळाली. कोर्टाने सोडलं. पण चार वर्षं झाली, मला अजून त्याच्या डोळ्यात नीट बघता येत नाही. तो विसरलाय. अडलंय ते माझं.

आपल्या जिल्ह्यांत हे आणखी मोठ्या मापाने चाललंय. २००५ पासून आपल्या राज्यात नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पणाची योजना आहे, गडचिरोलीत शेकडो जणांनी बंदूक खाली ठेवली. त्यांना पैसे मिळतात, घर मिळतं, काम मिळतं, आणि मिळायलाच हवं. सरकार ‘सुटलास’ म्हणू शकतं. पण ज्या बाईचा नवरा खबऱ्या म्हणून रात्री घरातून ओढून नेला, तिच्या वतीने सरकार माफ करू शकत नाही. आणि त्या पोराला रात्री झोप लागते का, तेही सरकारच्या हातात नाही. हे तीन वेगळे दरवाजे आहेत, देवाचा, माणसाचा आणि स्वतःचा. त्या डोंगरावरच्या प्रवचनात देवाच्या दाराशी निघालेल्याला भावाच्या दारावरून पाठवलंय. तिसऱ्या दाराबद्दल तिथे मला काही सापडलं नाही. गोऱ्हे बहुतेक त्याच दारापुढे उभे होते.

त्यांच्या मुलीचं राहिलंच. एलन लक्ष्मी इंग्लंडमध्ये शिकून १८८० मध्ये परत आली, मिशनरी म्हणून अमृतसरला, पुढे अलाहाबादला. तिने इंग्रजीत कविता लिहिल्या, १८८३ मध्ये संग्रह निघाला. त्यातलं एक गीत अमेरिकेच्या जॉर्ज स्टेबिन्सनी चालीवर बसवलं आणि ते जगभरच्या चर्चमध्ये पोचलं. कशाबद्दल आहे ते? देवाच्या सान्निध्यात लपून राहण्याबद्दल. तिथे जिवाला मिळणाऱ्या विसाव्याबद्दल. बापाला जे आयुष्यभर मिळालं नाही, तेच. दुसऱ्यांच्या घरी वाढलेली ही मुलगी जवळपास चौऱ्याऐंशी वर्षं जगली, १९३७ मध्ये वारली.

गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ ला मुंबईत गेले. चांद्यातलं मिशन पुढे चालू राहिलं. शतक संपताना अ‍ॅलेक्स वुड नावाचे स्कॉटिश पाद्री इथे आले, ते पुढे नागपूरचे बिशप झाले. त्यांच्यावर एखादा वेगळा भाग करता येईल. गावाचं नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झालं, रेल्वेच्या बोर्डावर मात्र ‘चांदा फोर्ट’ अजून आहे. जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात. गोऱ्ह्यांच्या नावाची पाटी मला शहरात कुठे दिसली नाही.

हा भाग टाकायच्या आधी मी धाकट्याला पाठवला. त्याच्याबद्दल आहे, विचारायला पाहिजे न. दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. मग काल रात्री फोन आला. म्हणाला, “ऐकलं. पंख्याचा आवाज लय येऊन राहिला, दादा. रविवारी येतो, माईकला फोम लावून देतो.”

रविवारनंतर भेटू. पुढच्या भागात सोबत कोळशाच्या पहिल्या खाणी. नमस्कार.